सांध्याचें सामर्थ्य

जन्मभर आम्ही मुलांना संधि शिकविला. परंतु लोखंडाचा संधि प्रथम पाहिला तो पुतण्याच्या पडवींत. बागेसाठीं तो स्वहस्तें एक लहानसा ट्रॅक्टर घडवीत आहे. त्याचे पुढचा व मागचा असे दोन भाग असून मध्यें उभ्या खिळीचा सांधा आहे. चक्र फिरवितांच सारें अंग कमरेंत वांकतें. सांधा दोन्ही आंसांच्या बरोबर मध्यें असल्यानें मागचीं चाकें पुढच्यांच्याच चाकोरींतून जातात व रोपें तुडविलीं जात नाहींत. दुसऱ्या, आडव्या खिळीवर दोन्ही भाग पीळ घेतात. म्हणून खांचखळग्यांतहि चारी चाकें जमीन सोडीत नाहींत, आणि इंजिनाचें बळ चारींनाहि पोंचतें.

इंजिन डिझेलचें. त्यांत ठिणगी लागत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंत तेल फवारतांच पेटतें. रुडॉल्फ डिझेल यांनीं तें जर्मनींत आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलें.

गेल्या महिन्यांत इंजिन चालूं असतांनाच पुतण्या सांध्यास वंगण देऊं लागला. इतक्यांत घरांतील धाकट्यानें खेळतां खेळतां चक्र फिरविलें. बोटें थोडक्यांत वांचलीं!

“भावोजी, तें मोडून टाकावयास सांगा,” वहिनी म्हणाल्या. आम्ही म्हटलें, दोष सांध्याचा नाहीं, घाईचा आहे. दुरुस्तीपूर्वीं इंजिन बंद करावें व दोन्ही भाग जखडणारा लोखंडी दांडा घालावा. उतारावर वळतांना असें वाहन कलंडण्याचें भय असतें. यास्तव बसणाऱ्याच्या डोक्यावर भक्कम कमान व कमरेस पट्टा हवा.

पुतण्यानें सारें केलें. दांड्यास तांबडा रंग मात्र वहिनींनीं आपल्या हातानें दिला.