गाडी का रुसली?

दोस्तांनो, मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ साली बनायची थांबली. समजा, तुमच्या काकांनी अशीच एक जुनी गाडी घेतली. सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म! लगेच नवी बॅटरी आणायची? छे! पैसे वाया जायचे. आधी कान द्या.

नुसतं ‘टिक टिक’ झालं आणि दिवे मंदावले? मग संशय बॅटरीवर. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल, तर वीज अडते. कधीकधी नुसत्या साफसफाईनं काम भागतं!

दिवे लख्ख, पण इंजिन फिरतच नाही? मग स्टार्टर किंवा त्याच्या तारा तपासायच्या.

इंजिन ‘घर्र घर्र’ फिरतंय, पण सुरू होत नाही? मग पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांपैकी कुणीतरी गैरहजर आहे. टाकीचा काटा बघा. पण जुना काटा थापाही मारतो हं!

एक मात्र लक्षात ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो भडकतो. म्हणून जवळ काडी ओढायची नाही, आणि हात मोठ्यांनीच घालायचा. तुम्ही फक्त ऐका, बघा आणि एकेक संशयित वगळा. डॉक्टर आणि गुप्तहेर तरी दुसरं काय करतात?