सूर्याची वीज आणि गावाचे गायरान

शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. हेतू चांगला आहे. अपरात्री विंचूकाट्यातून पंप सुरू करावयास जाणाऱ्याचे हाल आपण जाणतो. तेव्हा आपला विरोध विजेला नाही. आपला प्रश्न इतकाच की, प्रकल्पाचा नकाशा आखताना गावातील सर्वांस विचारले जाते काय?

एक मेगावॅट विजेस साधारणतः चार ते पाच एकर जमीन लागते. खाजगी जमीन घेतल्यास या योजनेत मालकास हेक्टरी वर्षाला १ लक्ष २५ हजार रुपये भाडे मिळते. परंतु शासकीय जमीन म्हणजे पुष्कळ गावी गायरान होय. आणि गायरानाच्या आश्रयाने जगतो तो भूमिहीन. कोणी तेथे शेळ्या चारतो, कोणी सरपण वेचतो, कोणी दोन एकर कसतो. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते अशाच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरीही अनेकांच्या नावे सातबारा झाला नाही. उतारा नाही म्हणून भाडे नाही, नोटीस नाही. कसलेली जमीन नकाशात मात्र पडीक!

कायद्याची स्थितीही समजून घ्या. सौर विद्युत प्रकल्पास २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालील पूर्वमंजुरी लागत नाही. त्यामुळे त्या अधिसूचनेतील जनसुनावणीही होत नाही. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. मात्र शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांस किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस दिलेले पट्टे अपवाद म्हणून राखता येतात, असेही त्यात म्हटले आहे. याचा अर्थ, ज्याच्या हाती कागद आहे त्याचीच बाजू उभी राहील.

मग करावे काय? पहिली गोष्ट ग्रामसभेची. कायद्याने ती वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे, व तिच्या अगोदर महिलांची सभाही. तेथे आपली घरे गैरहजर का असावीत? प्रकल्पाचा नकाशा भिंतीवर लावा, गुरांची वाट, पाणवठा, स्मशानभूमी व कसलेली जमीन त्यावर दाखवा, आणि सूचना इतिवृत्तात नोंदवून प्रत घ्या. दुसरी गोष्ट मागण्यांची. पॅनेल उंच खांबांवर बसविल्यास खाली काही पिके घेता येतात व चराईही चालते. ते धुण्यास पाणी कोठून आणणार, राखणीचे काम कोणास देणार, हेही आधीच ठरले पाहिजे. ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल ५ लक्ष रुपये मिळतात; त्यांतून आपल्या वस्तीस काय मिळाले हे विचारणे हा आपला अधिकार आहे. तिसरी गोष्ट कागदांची. जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, पंचनामे आजच गोळा करा.

वकिलीच्या व्यवसायात मी पाहतो की, आपले लोक खांब रोवले गेल्यानंतर वकिलाचे दार ठोठावतात. तोपर्यंत करार झालेले असतात. सूर्य कोणाची जात पाहत नाही. नकाशा आखणारा हात पाहू शकतो. म्हणून तो आखला जात असतानाच तेथे उपस्थित राहा.