पाण्याची वहिवाट कोणी मोडली?

वसई-विरार पाण्याखाली गेले की 'नैसर्गिक आपत्ती' हे दोन शब्द ठरल्याप्रमाणे उच्चारले जातात. जुलै २०१८ मध्ये ते असेच उच्चारले गेले. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून वडोदरा एक्स्प्रेस अडकली, मिठागरांतील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली, कित्येक वस्त्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पाऊस अफाट पडला हे खरे. पण पडलेल्या पाण्याची समुद्राकडे जाण्याची वाट कोठे गेली, हा प्रश्न निसर्गाला विचारण्याचा नव्हे.

वसई हे मूळचे बेट. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, आणि पूर्वेस या बेटाला मुख्य भूमीपासून वेगळी करणारी सोपाऱ्याची खाडी. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून उतरणारे पाणी तिच्या फाट्यांत शिरून समुद्र गाठीत असे. या खाडीनेच शूर्पारक बंदर घडविले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच परिसरात सापडला. पुढे खाडी गाळाने उथळ झाली, बंदर संपले. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. गाळ निसर्ग आणतो. भराव मात्र ट्रकमधून येतो, आणि ट्रकला मालक असतो.

बंदर गेल्यानंतरही पाण्याची व्यवस्था शाबूत होती, कारण ती कष्टकऱ्यांच्या हाती होती. खाजणात बांध घालून, उघाड्या राखून भात पिकविले जाई. वाड्यांतून बावखले होती. पावसाचे पाणी पोटात घेणारी, ते जमिनीत मुरविणारी, आणि उन्हाळ्यात रहाटावाटे केळीला व पानवेलींना पाजणारी ही गोड्या पाण्याची तळी कोणा अभियंत्याच्या आराखड्यातून निघालेली नव्हती. जशी शेतात जाण्यायेण्याची वहिवाट असते, तशीच पाण्याचीही असते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. शेजाऱ्याचे पाणी अडविणाऱ्याला गाव जाब विचारीत असे.

१९९० मध्ये नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'साठी उभे राहिले, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणून हिणविणारे कमी नव्हते. बावखले बुजली, खाजणे भरली गेली, खाडीचे फाटे नाले झाले. नाल्यांची पुढे काँक्रीटची गटारे झाली, आणि त्यांतून शहराच्या सांडपाण्याचा फार मोठा भाग प्रक्रियेविना खाडीत सोडला जातो.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो : मुंबईत न परवडणाऱ्या श्रमिकाला घर द्यायचे की नाही? द्यायचे, निःसंशय द्यायचे. पण त्या श्रमिकाच्या नावाने कोणी काय विकले ते पाहा. पाण्याखाली जाणारी जमीन सर्वांत स्वस्त मिळते. ती भरून घर म्हणून विकली की नफा सर्वांत मोठा. नफा बिल्डरने नेला, पाणी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या वाट्याला आले. आचोळ्यात काय घडले? सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर व लगतच्या खाजगी जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडल्या गेल्या. न्यायालयाचा आदेश योग्यच होता. पण एकेचाळीस इमारती काही एका रात्रीत उगवत नाहीत. त्यांचे मजले चढत असताना ज्यांनी डोळे मिटले, त्यांचे घर कोणी पाडले नाही. आयुष्याची कमाई घालून बसलेली हजारो माणसे तेवढी रस्त्यावर आली.

आपल्याकडेही दोष येतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पाणी आणण्याच्या लढ्यांचा आपल्याला अभिमान आहे. मृणालताई गोऱ्यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटले, तो आपला वारसा. पण पाणी जाण्याच्या वाटेसाठी आपण फारसे मोर्चे काढले नाहीत. नळ मागताना गल्लीच्या टोकाला नाला अरुंद होत होता, तो आपण पाहून न पाहिल्यासारखा केला.

२०१८ च्या पुरानंतर महापालिकेनेच नेमलेल्या निरी आणि आयआयटी मुंबईच्या समितीने पावसाचे पाणी सामावून घेणारे धारण तलाव सुचविले आहेत. तेव्हा ज्ञानाची उणीव आहे असे कोणी सांगू नये. जुने महसुली नकाशे काढून प्रत्येक नाल्याची व फाट्याची मूळ रुंदी प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावा. धारण तलावांच्या जागा एक इंचही न भरता ताब्यात घ्या. आणि जेथे पाण्याच्या वाटेतली घरे हलवावी लागतील तेथे आधी पर्यायी घर, मग बुलडोझर. त्या घराचा खर्च बांधणाऱ्याकडून आणि बांधू देणाऱ्याकडून वसूल व्हावा. कार्यकर्त्यांनी पावसाळ्याची वाट पाहू नये. आपापल्या वॉर्डातील ज्या म्हाताऱ्यांना बावखलांच्या जागा आठवतात, त्यांना सोबत घेऊन याच महिन्यात फिरावे आणि प्रत्येक जागा कागदावर नोंदवून घ्यावी.