सवयीचा कित्ता

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने दोन-चार अक्षरे टंकित करावीत आणि उरलेली ओळ यंत्राने आपण होऊन पुढे ठेवावी, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टने १९९० च्या दशकातच आपल्या साधनांत अशी सोय आणली होती. मात्र ती सोय शब्दकोशासारखी होती. त्या जागी बसू शकणारे शब्द ती ओळीने मांडून दाखवी. त्यांतला योग्य कोणता, हे माणूस ठरवी. आजचे यंत्र यापूर्वी इतरांनी अशा ठिकाणी काय लिहिले हे पाहून तयार उत्तरच हाती देते. हा फरक केवळ वेगाचा नाही. निवडीचे काम कोणी करावयाचे, याचा आहे.

या बदलाची मुळे दीड दशकाहून अधिक मागे जातात. जर्मनीतील डार्मस्टाट येथील तांत्रिक विद्यापीठात मीरा मेझिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखवून दिले की, आधी लिहिलेल्या आज्ञावल्यांवरून यंत्राला शिकविले तर त्याच्या सूचना अधिक नेमक्या होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१२ साली त्यामागचे इंगित उलगडले. माणसे लिहितात त्या आज्ञावल्या इंग्रजी गद्याहूनही अधिक पुनरुक्तीच्या असतात आणि ज्याची पुनरुक्ती होते, त्याचे भाकीत करता येते. पुढे २०२१ साली 'ओपनएआय'ने 'कोडेक्स' ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या शिक्षणासाठी 'गिटहब'वरील ५ कोटी ४० लाख सार्वजनिक संग्रहांतून मजकूर गोळा करण्यात आला होता. तिच्यावर बेतलेले 'कोपायलट' त्याच वर्षी प्रोग्रॅमरांच्या हाती आले.

या साधनाने श्रम वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोपायलट वापरणाऱ्यांनी नेमून दिलेले काम ५५.८ टक्के कमी वेळात पुरे केले. उलट २०२५ साली अमेरिकेतील 'मीटर' या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर केलेल्या प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला; आणि तरीही आपले काम वीस टक्क्यांनी लवकर झाले, असेच त्यांना वाटत होते. काम कोणते आणि करणारा कोण, यावर लाभ अवलंबून असतो, एवढाच याचा अर्थ. परंतु सोयीची भावना आणि प्रत्यक्ष लाभ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून दिसते.

खरी चिंता वेगाची नाहीच. जे यंत्र सवयींवरून शिकते, ते चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही उचलते. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली धोक्याच्या जागा मुद्दाम निवडून ८९ प्रसंग कोपायलटपुढे ठेवले. त्यातून तयार झालेल्या १,६८९ आज्ञावल्यांपैकी सुमारे ४० टक्के सुरक्षेच्या दृष्टीने सदोष निघाल्या. ग्राहकाने भरलेला मजकूर न तपासता माहितीसाठ्याला द्यावयाच्या आज्ञेत थेट जोडणे, हा अशा दोषांचा परिचित नमुना. त्यामुळे एखादा भामटा नावाच्या रकान्यात नावाऐवजी आज्ञाच लिहून सारा साठा लुटू शकतो. याहून उद्बोधक गोष्ट कोडेक्सच्या कर्त्यांनीच नमूद केली आहे: आधीच्या मजकुरात सूक्ष्म चुका असतील, तर ही प्रणाली स्वतःच्या कुवतीपेक्षा निकृष्ट लिहिते. म्हणजे लिहिणारा जसा, तसे त्याचे यंत्र.

कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या फायलीतील मसुदा काढावा, तारीख आणि नाव बदलावे, की पत्र तयार. दहांपैकी नऊ वेळा ते बिनचूकही असते. पण त्या मसुद्यात एखादे कलम चुकीचे असेल, तर तेच कलम वर्षानुवर्षे सही-शिक्क्यानिशी बाहेर पडत राहते. पुष्कळांनी तसे लिहिले, हा ते बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

यंत्रे सुधारतील आणि चुका कमी होतील, असे यावर सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु चुका जितक्या विरळ होतील, तितकी त्या हुडकणारी नजर अधिक तयार असावी लागेल. आणि ती नजर स्वतः लिहून, चुकून, ती चूक शोधल्यानेच येते. पुण्या-मुंबईत हजारो मराठी तरुण या व्यवसायावर पोट भरतात आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी हजारो महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्या हाती पहिल्या दिवसापासून तयार ओळ पडली, तर ती नापसंत करण्याचे सामर्थ्य त्यांनी कोठून आणावे?

म्हणून या साधनावर बंदी घालणे हा उपाय नव्हे; ती टिकणारही नाही. शिक्षणक्रमानेच आपला रोख बदलला पाहिजे. आरंभीची वर्षे विद्यार्थ्याने यंत्राच्या मदतीवाचून लिहावे. पुढे परीक्षेत सदोष आज्ञावली देऊन तिच्यातील दोष शोधावयास सांगावे आणि आपली प्रत्येक ओळ तशीच का, याचे तोंडी उत्तर मागावे. कित्ता गिरवून अक्षर वळणदार होते. काय लिहावे आणि काय लिहू नये, हे मात्र कित्ता शिकवीत नाही. ते शिकविण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे आणि ती यंत्राकडे सोपविता येणार नाही.