मैदानाशेजारचा हक्क

साताऱ्याचे शाहू स्टेडियम असो की सांगलीचे शिवाजी स्टेडियम, सामन्याचा गलका शेजाऱ्यांच्या वाट्याला येतोच. फायदाही यावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला 1999 साली मोठे क्रीडागृह उभे राहिले, तेव्हा गोरगरीब भाडेकरूंची घरे गेली. पुढील विस्ताराच्या वेळी मात्र रहिवासी व कामगार संघटना एक झाल्या. 2001 साली त्यांनी बिल्डरकडून लेखी करार करवून घेतला : स्थानिकांना नोकरीत प्राधान्य, परवडणारी घरे, उद्यानासाठी पैसा.

आपल्याकडेही नव्या संकुलाचा नारळ फुटण्यापूर्वीच वस्तीने अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मुलामुलींसाठी मोफत सराव मागावा. नोकऱ्या मागताना फक्त झाडू पदरात घेऊ नये. कारकुनाची, प्रशिक्षकाची जागाही मागावी. तोंडी शब्द विसरला जातो, सहीचा कागद राहतो.