चला, एक दिवसाचं संग्रहालय भरवू!

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. अकोल्याचा किल्ला कोणी बांधला?

'सोप्पं! असदखानानं. म्हणून तर त्याला असदगड म्हणतात,' असं अकोल्याचे दोस्त लगेच सांगतील. बरोबर! दहीहांडा वेशीवरच्या शिलालेखातही त्याचंच नाव. तो लेख औरंगजेबाच्या काळातला. पण थांबा! त्याच किल्ल्याच्या अगरवेशीवरच्या मराठी लेखाची नोंद आहे, आणि तो म्हणतो, किल्ला गोविंद आप्पाजीनं १८४३ साली बांधला. आता आली का पंचाईत? किल्ला एक, बांधणारे दोन, आणि मध्ये सव्वाशेहून जास्त वर्षं!

मग खोटं कोण बोलतंय? की कोणीच नाही? एकानं बांधला आणि दुसऱ्यानं मोठी डागडुजी केली, असं तर नसेल? करा बरं डोक्याला ताण!

हा झाला गुप्तहेराचा खेळ. संग्रहालयात आणि पुराभिलेखागारात, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या दप्तरखान्यात, हाच खेळ रोज चालतो. पण आपल्याला काय वाटतं? संग्रहालय म्हणजे काचेची कपाटं, 'हात लावू नये'ची पाटी आणि बाईंच्या मागून गुपचूप चालणारी रांग. छे! कंटाळा!

हा कंटाळा घालवायला मोठमोठ्या संग्रहालयांनीही युक्त्या काढल्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली चक्क एका बसमध्ये संग्रहालय मांडलं आणि ती बस शाळाशाळांत नेली. बर्लिन शहरात १९९७ पासून 'संग्रहालयांची लांब रात्र' साजरी होते. त्या रात्री मुलं आईबाबांबरोबर उशिरापर्यंत या संग्रहालयातून त्या संग्रहालयात हिंडतात. आणि न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय ग्रंथालयानं २०१६ साली आपल्याकडची जुनी चित्रं लोकांना रंगवायला दिली. घ्या खडू आणि बसा रंगवत!

तुम्ही म्हणाल, 'मुंबई-बर्लिनचं ठीक आहे हो, पण आमच्या दर्यापूरला, अकोटला कोण बस पाठवणार?' नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून उभा आहे, पण तिथं जायला सहल निघायला हवी. मग वाट कशाला बघायची? आपल्या शाळेत आपणच एक दिवसाचं संग्रहालय भरवू!

आता दिवस कोणता? १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. पण बाप रे, मे महिन्यातलं आपलं वऱ्हाडी ऊन! शिवाय शाळेला सुट्टी. त्यापेक्षा १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह बरा. का सांगू? त्याच्या आधी येते दिवाळी, आणि दिवाळीच्या आधी येते घराची साफसफाई. माळ्यावरची पेटी तेव्हाच खाली उतरते. आजी ओरडेल, 'काहून रे बाप्पा, त्या जुन्या पेटीले कायले हात लावतं?' तिलाच जवळ बसवा आणि पेटी उघडा.

काय काय निघेल? मूर्तिजापूरच्या दोस्तांकडे शकुंतला रेल्वेचं तिकीट असू शकेल. या छोट्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं बरं का! अमरावतीत कोणाच्या आजोबांचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं प्रमाणपत्र निघेल. त्या मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले होते. कुठं कापूस विकल्याची पावती, कुठं मोडीतला कागद, कुठं पितळी अडकित्ता.

प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी ठेवायची. त्यावर चार गोष्टी: ही वस्तू काय, कोणाची, कधीची आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं. चौथी गोष्ट विसरू नका! ती नसेल तर चिठ्ठी म्हणजे नुसती वावडी.

हे 'कोणी सांगितलं' आपल्या मातीत फार जुनं आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ठाऊक आहे ना? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांना गाठून विचारलं. त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहिली गेली, असं सांगतात. कागद हरवला, पण माणसं होती म्हणून ग्रंथ वाचला!

आपल्या घरात उलटं होऊ शकतं. फोटो राहतो, पण त्यातल्या पाहुण्यांची नावं फक्त आजीला ठाऊक. उद्या विचारायचं कोणाला? म्हणून आजच विचारा.

थोडे नियम पाळा हं. घरच्यांना विचारल्याशिवाय काही आणायचं नाही. हात धुऊन, कोरडे करून मगच कागद धरायचा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही. ती पुढे पिवळी पडते आणि कागदच खाते. फोटोमागे नावं लिहायची ती शिसपेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. संध्याकाळी ज्याची वस्तू त्याला परत.

आणि आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. रद्दीवाला कागद तोलतो, वाचत नाही. मोडी, फारसी किंवा जुन्या इंग्रजीतला कागद वाचता आला नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. गठ्ठा देण्याआधी पोरांना एकदा चाळू द्या.

तर मग, कोणाच्या पेटीत काय सापडलं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, असदगडाच्या कोड्याचं तुमचं उत्तरही लिहा. मात्र चौथी गोष्ट विसरायची नाही: कोणी सांगितलं?