गंजलेले इंजिन वजनावर विकू नका

वीज शेतापर्यंत पोहोचण्यापूर्वी तापी व गोमाईच्या काठांवर तेलाचे इंजिन हाच बागायतदाराचा आधार होता. पुण्यास १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव तर खेड्यापाड्यांत घरोघरी झाले. पुढे विजेचे व आता सौर पंप आले. जुने इंजिन बांधावरील निंबाखाली उघडे राहिले. अशा इंजिनात धुराड्याच्या नळीतून पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये उतरते, पिस्टनच्या रिंगा गंजाने लायनरला चिकटतात व इंजिन जाम होते. मग भंगारवाला ते काट्यावर तोलून नेतो. हा व्यवहार तोट्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाम झाले म्हणजे सर्वच गेले, हा समज चुकीचा आहे. पिस्टन अडकला तरी फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, हेड व तेलाचा पंप शाबूत असू शकतात. शहादा-तळोद्याकडे वीज खंडित झाली असता केळी-पपईच्या बागेला पाणी देणारे शेजाऱ्याचे त्याच जातीचे इंजिन एखाद्या लहान भागावाचून बंद पडते, तेव्हा या भागांची खरी किंमत कळते.

काम मात्र धीराने करावे. प्रथम तेलाचा पंप व नोझल काढून त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत. पंपाचा प्लंजर व बॅरल ही जोडी असते. एकाचा दुसऱ्याशी अदलाबदल करू नये. नंतर हेड उतरवून पिस्टनवर डिझेल व पातळ तेल यांचे मिश्रण ओतावे, आणि आठवडाभर मुरू द्यावे. मग फ्लायव्हील हलक्या हाताने पुढे-मागे हलवून पाहावे. पिस्टनवर घण घालू नये. ठोकावेच लागल्यास मध्ये लाकडी ठोकळा धरावा. फ्लायव्हील बिडाचे असल्याने घणाने तडकते. जुन्या गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ती कोरडी खरवडू नये, ओली करावी. काढलेले काळे तेल विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये.

सर्वच वाचवावे, असेही आमचे म्हणणे नाही. तडा गेलेला ब्लॉक, गंजाने खड्डे पडलेल्या रिंगा व लायनर भंगारातच द्यावेत. क्रँकशाफ्टवर उथळ ओरखडे असतील तर ते कारखान्यात घासून ०.२५ मि.मी. कमी मापाची बेअरिंगे बसविता येतात. खोल खड्डे असतील तर मोह सोडावा.

कोणी म्हणेल, एवढी मेहनत कोणी करावी? उन्हाळ्यात रब्बीची मळणी उरकल्यावर हातांना उसंत असते. शिवाय सुटे केल्याने लोखंडाचे वजन घटत नाही. निरुपयोगी भाग नंतरही त्याच काट्यावर जाणार आहेत. मग आधी तपासून पाहण्यात नुकसान ते कसले?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील बंद इंजिनांची बनावट व अश्वशक्तीसह यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या गावच्या तरुणांस हे काम योग्य मोबदला देऊन सोपवावे. त्यांना अनुभव मिळेल व गावात कारागीर तयार होईल. हे काम पहिला पाऊस पडण्यापूर्वीच हाती घेणे इष्ट होय. कारण गंज कोणासाठी थांबत नाही.